आधी वही

पोरी,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हो काकी, हो काकी" म्हणतेस आणि ठेवून देतेस. लिहिलेलं पुन्हा काढून वाचता येतं, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या चार पानांतली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. ती तू शेवटच्या पानाच्या समासात आडवी लिहिली आहेस: "सह्यांचा कागद पुढे केला तेव्हा सगळ्यांत आधी आई उठून गेली." काजू कारखान्याच्या मालकाने दोघींना कामावरून घरी बसवलं, मुंबईच्या संस्थेतली नोकरी घेऊ की इथेच राहू, संघटना नोंदवायला सात जण पुरतात तर सातही का मिळत नाहीत, हे सगळं तू त्या एका ओळीला झाकायला लिहिलं आहेस. तुला आईची लाज वाटली. आणि लाज वाटली याचं वाईट वाटलं.

ते वाचून मी बराच वेळ पडवीत बसून राहिले.

तुझी आई मला ठाऊक आहे. काजूच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेली बाई भित्री नसते. उकडलेली बी कटरखाली धरायची, टरफलातलं तेल बोटांवर उडतं, कातडी काळी पडते, सोलून निघते. हाताला राख चोळून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. तीच बाई बचतगटाच्या वहीत दर महिन्याला सही करते की नाही? करते. कर्जाच्या ठरावावर करते, इतिवृत्तावर करते. मग तुझ्या कागदावर का नाही केली, याचा विचार तू केलास का? मला नाही वाटत केलास. बायका घाबरतात, एवढं लिहून तू मोकळी झालीस.

बचतगटाची वही त्यांची आहे. ती त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी घरी, देवाच्या फळीवर असते. आत काय लिहिलंय ते त्यांना पाठ असतं. तुझा कागद मुंबईहून टाइप होऊन आला होता. वर काय मजकूर आहे ते तू वाचून दाखवलंस, पण तो त्यांच्यासमोर लिहिला गेला नव्हता. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवरच अंगठे दिले आहेत. गणपतीला उचल घेताना कोऱ्या कागदावर अंगठा, पोराच्या फीसाठी पैसे घेताना अंगठा. आता त्यात तुझा कागद. आई उठली, ते बरोबर केलं तिने. आधी वही, मग सही. हे मी तुला दिवाळीत सांगितलं होतं, आत्ता सांगते, आणि पुढेही सांगणार आहे.

वही म्हणजे काय ते आता नीट ऐक, कारण मागच्या वेळी तू मान डोलावलीस आणि केलं काहीच नाहीस. शंभर पानी साधी वही. प्रत्येकीची वेगळी, तिच्या घरी राहणारी. तारीख. किती वाजता आत गेली, किती वाजता सुटली. किती किलो गर निघाला, त्यात अख्खा किती, तुकडा किती. वजन कोणी केलं. दर काय. हातात किती पडले. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी तिची शाळेतली पोर लिहील. तेही नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या रतिबासारख्या खुणा करू दे. बायका वर्षानुवर्षं करतातच त्या. महिन्यातून एकदा सगळ्या वह्या एकत्र आणून मोठ्याने वाचायच्या. भाषण नको, घोषणा नकोत. वाचायच्या फक्त.

तू म्हणशील, काकी, ही कारकुनी झाली, चळवळ कुठे आहे यात? हे मला माझ्याच सोबत्यांनी तोंडावर सांगितलंय, तुझ्या जन्माच्या आधी. तेव्हा मी गप्प बसले. आज बसणार नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, तेव्हा हातात काय होतं? संपाचा निधी नव्हता, संरक्षण देणारा कायदा नव्हता. पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज होता. मागण्या बघ किती मोजक्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर भरपाई. सगळ्या वेळेच्या आणि तारखेच्या गोष्टी. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. त्या गिरण्यांत आपल्या रत्नागिरीकडची माणसं किती होती हे तुला सांगायला नको, तुझ्याही घरातून दोघं गेले होते. दर रविवारी तू उशिरापर्यंत झोपतेस ना, ती झोप त्या अर्जातून आलेली आहे.

माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं, चरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. चरीचा संप तू शिकलीस, परीक्षेत लिहिलास. १९३३ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, पंचवीस गावांनी खोतांच्या, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, आणि सावकारांच्या जमिनी कसायचं थांबवलं, १९३९ पर्यंत चालला, नारायण नागू पाटील पुढे होते. पुस्तकात एवढंच असतं. माझी आजी वेगळं सांगायची. सहा पावसाळे घर शाकारायला पेंढा नव्हता, कारण शेतच केलं नव्हतं. आजोबा डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून विकायचे. आणि संध्याकाळी कोणीतरी एक जण, ज्याला अक्षर येत होतं, घरोघर फिरून लिहून घ्यायचा: कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणावर खोताने माणूस पाठवला. आजीला त्या माणसाचं भारी कौतुक. पुढाऱ्यांच्या भाषणातलं तिला एक वाक्य आठवत नव्हतं, पण "तो लिहून न्यायचा" हे ती मरेपर्यंत सांगत होती.

खोताचा जोर लाठीत होता तसाच हिशेबातही होता. मक्ता, म्हणजे कुळाने द्यायचा खंड, किती ठरला, किती भरला, बाकी किती, सगळं त्याच्या चोपडीत. कुळाकडे पावती नाही. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातली हजारो कुळं मुंबईत विधिमंडळावर चालून गेली. त्यात आमच्या गावचेही होते. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. पुढे १ एप्रिल १९५७ आला, कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली. आजोबांच्या दोन तुकड्यांपैकी एकाच्या पीकपाहणीत, म्हणजे जमीन कोण कसतं त्या सरकारी नोंदीत, त्यांचं नाव होतं, तो आमचा झाला. दुसरा त्यांनी तितकीच वर्षं कसला होता. तिथे तलाठ्याच्या कागदावर नाव होतं जमीनमालकाच्या भाच्याचं. सहा वर्षं उपाशी राहून लढलेला माणूस एका ओळीपायी अर्धा हरला. मी हे लहानपणापासून ऐकत होते, आणि तरीही स्वतःच्या कामात शिकले नाही. त्याचं सांगते.

तू मला "त्या २३ दिवसांच्या संपाबद्दल" विचारलंस. सगळे विचारतात. फोटो आहे ना, त्यात मी कुडाळच्या रस्त्यावर हात वर करून उभी आहे. किलोमागचा दर वाढला, हार पडले. दोन वर्षांनी मे महिन्यात कारखाना बंद झाला आणि पावसाळ्यानंतर शेजारच्या तालुक्यात मालकाच्या भावाच्या नावाने उघडला. ६१ बायका ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटल्यावर मिळायची रक्कम, मागायला गेल्या. पाच वर्षं सलग नोकरी दाखवायची, वर्षाचे २४० दिवस दाखवायचे. मालकाच्या हजेरीपुस्तकात नऊ नावं. बाकीच्या बावन्न जणींनी तिथे कधी कामच केलं नव्हतं, कागदाप्रमाणे.

एकीची एकोणीस वर्षं झाली होती. कामगार खात्याच्या साहेबांनी पुरावा विचारला तर तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाली, "ह्या बघा. ह्या काय घरच्या चुलीन झाला?" साहेब वाईट नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, काहीतरी कागद आणा, मावशी. माझ्याकडे दोन वर्षांच्या भाषणांची टिपणं होती. मोर्च्यांची पत्रकं होती. तिच्या एका दिवसाचीही नोंद नव्हती. ६१ बायका रोज माझ्यासमोर उठत-बसत होत्या, आणि मला एकदाही वाटलं नाही की यांना वही आणून द्यावी. ती गेली त्याला आता अकरा वर्षं झाली. तिच्या दारावरून जाणारी वाट मी अजून टाळते.

म्हणून मी वहीवर अडून बसते. लोकांना तो म्हातारपणाचा हट्ट वाटतो, वाटू दे. २००३ मध्ये दुसऱ्या एका कारखान्यातल्या सतरा जणींनी माझ्या मागे लागण्याला कंटाळून चार वर्षं वह्या लिहिल्या. त्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की एकच मुकादम वजनाला असला की प्रत्येकीचा गर रोज दीड-दोनशे ग्रॅमने कमी भरतो. संप करावा लागला नाही. वह्या टेबलावर ठेवल्या, काटा बदलला, मागचे पैसेही हप्त्याने मिळाले. त्याचा फोटो कोणी काढला नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम ते, असं मी मानते, आणि कोणी मला खर्डेघाशी म्हणालं तर त्याने आधी त्या सतरा घरांत जाऊन बोलावं. या कामात माझं घर मागे राहिलं हेही खरं. मुलाची दहावी कशी गेली ते मला सांगता येत नाही, त्या वर्षीचा सोलणीचा दर मात्र सांगता येतो. ते मी तुझ्यापासून लपवत नाही. मुंबईची नोकरी घ्यायची असेल तर घे, मी रागावणार नाही. पण "इथल्या बायका उभ्या राहत नाहीत म्हणून" असं कारण देऊन जाऊ नकोस. ते खोटं आहे.

आणि आता ज्याने मला खरोखर राग आला ते. तू ३४ नावांची यादी जोडली आहेस. सोलणीच्या बायका, सालीच्या बायका, ग्रेडिंगच्या दोघी. बॉयलरवरची पोरं कुठे आहेत? बी उकडतात, पोती उचलतात, कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहतात ती? नेपाळची आहेत, ओडिशाची आहेत, दोन घरं कातकऱ्यांची आहेत. तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेख फक्त "बाहेरचे" असा एकदा आला आहे.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात शिरू देत नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांच्या तोंडाचा दोरा इतरांना चालत नसे. पगार जास्त त्याच खात्यात. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला, लाखाहून जास्त माणसं बाहेर होती, आणि डॉ. आंबेडकरांना तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना विचारावं लागलं की मागण्यांत हे का नाही. लाल झेंड्याखाली बसलेल्या माणसांना विचारावं लागलं! महाडच्या सत्याग्रहाच्या तयारीत राबलेले आर. बी. मोरे पुढे त्याच कामगार चळवळीत आयुष्यभर राहिले, तिथल्या भिंती माहीत असून राहिले. आपल्या कोकणातला माणूस. त्यांच्याबद्दल तू शिकली आहेस, आणि यादी करताना तुझ्या हातून तीच भिंत उभी राहिली. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. मीही त्या ६१ च्या यादीत बॉयलरवाले घेतले नव्हते. ते सगळ्यांत आधी काढले गेले आणि कुठे गेले ते आम्हाला कळलंही नाही.

तेव्हा त्यांच्याही वह्या. नेपाळीत लिहू देत, ओडियात लिहू देत. आकडे सगळ्यांना वाचता येतात.

घरी बसवलेल्या दोघींचं मी बघते. त्यांना सोमवारी माझ्याकडे पाठव, येण्याजाण्याचे पैसे मी देईन. तारखा आठवत नाहीत म्हणतील. आठवतात. विचारायचं कसं ते शिक. कोणतं साल, असं विचारू नये. कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा तू कामाला होतीस का? २००५ च्या जुलैच्या पुराच्या आधी लागलीस की नंतर? तौक्ते वादळात कारखान्याचे पत्रे उडाले तेव्हा कोण कोण आत होतं? बायका हप्त्या-हप्त्याचं सांगतात, कोण कोणाच्या शेजारी बसली होती तेही सांगतात. एकीला आठवलं नाही तर दुसरी दुरुस्त करते. मग त्यावरून साल काढायचं आणि पुढे कंसात लिहायचं, कोणी सांगितलं, कोणी दुरुस्त केलं.

हे पत्र घेऊन येणाऱ्या पोराकडे मी चाळीस वह्या दिल्या आहेत. बत्तीस तुझ्या यादीतल्या, त्या दोघींच्या दोन माझ्याकडे ठेवून, बाकीच्या बॉयलरच्या. कमी पडल्या तर कळव.

सगळ्यांत वरची तुझ्या आईची. आज रात्री जेवणं झाल्यावर तिच्याजवळ बस आणि विचार, पहिल्या दिवशी कामाला गेलीस तेव्हा तुझ्यासोबत कोण होतं. ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत लिही, आणि लिहून झालं की तिला वाचून दाखव. मग वही तिच्या हातात दे, कुठे ठेवायची ते ती बघेल. सहीचं नाव काढू नकोस.

तुझी,
काकी