विचारा बिनधास्त : एअर स्क्रू लेथवर करून घेऊ का?

प्रश्न : नमस्कार दादा, आमची १९९४ ची आरएक्स १०० आहे, पप्पांची गाडी, विकायची नाहीये. कार्बोरेटरच्या एअर स्क्रूची खाच पार झिजलीय, स्क्रूड्रायव्हर नुसता घसरतोय, आणि गरम इंजिनपाशी हात घालायचा म्हणजे चटके वेगळेच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीचे एक टर्नर आहेत, यंत्रमागाचे पार्ट करतात, ते म्हणतात पितळेचा लांब स्क्रू करून देतो, वर बोटानं फिरवायला गोल डोकं. आमचे मेस्त्री मात्र नको म्हणूलालेत, गाडी जाईल म्हणतात. काय करू?
– वाचक, भद्रावती पेठ, सोलापूर

उत्तर : करून घ्या की! मागाचे पार्ट करणारा टर्नर म्हणजे हात बसलेला माणूस, असं काम सोलापुरात होणार नाही तर कुठं होणार. पण मेस्त्रींची भीतीही खोटी नाही, ती समजून घ्या. स्क्रूचं डोकं तुम्हाला हवं तसं करा, लांब करा, गोल करा, पण टोक आणि आटे मूळच्या स्क्रूसारखेच पाहिजेत, तिथं आपली अक्कल चालवायची नाही.

कारण सांगतो. ते निमुळतं टोक एका बारीक भोकात जातं आणि टोक नि भोकाची कडा यांच्यामध्ये जी फट राहते तेवढीच हवा पायलट जेटच्या (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या) पेट्रोलला मिळते, टोकाचा कोन जरा बोथट झाला की पाव राऊंडमध्येच सगळा फरक पडून जातो आणि मग तुम्ही कितीही जीव लावून फिरवा, आयडल (थ्रॉटल सोडल्यावर इंजिन चालतं तो वेग) एका जागी लागतच नाही. म्हणून नमुना म्हणून जुना स्क्रू देऊ नका, त्याच्या टोकावर दाबून दाबून रिंग पडलेली असते. कंपनीचा नवा स्क्रू आणा, तो द्या. झालेला स्क्रू आणि नमुना दोन्ही टोकं शेजारी धरून मागून मोबाईलची टॉर्च मारा, भिंतीवर दोन सावल्या पडतात, कोन वेगळा असेल तर लगेच कळतं, मोजमापाची पण गरज नाही.

आट्यांचं म्हणाल तर पिच गेजनं (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायची पट्टी) मोजूनच घ्या, अंदाजानं नको. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, एकदम मऊ, चुकीचा आटा जोर लावून घुसवला की बॉडीचेच आटे जातात आणि मग अख्खा कार्बोरेटर बदला. म्हणूनच स्टीलचा पण करू नका, पितळच बरं, झिजायचं तर स्क्रू झिजू दे, बॉडी नको.

टर्नरना एक सांगा, आधी डोक्यावर नर्लिंग (बोटांना पकड येणारी खरखरीत नक्षी) मारून घ्यायचं आणि मग पुढचा भाग बारीक करायचा, उलटं केलं तर नर्लिंगच्या दाबानं बारीक रॉड वाकतो. टोक सगळ्यात शेवटी. डोकं १० ते १२ मिमी जाडीचं बास, दिसायला भारी म्हणून मोठा गोळा करू नका, सिंगल सिलिंडर टू-स्ट्रोकचं व्हायब्रेशन जड डोक्याला धरतं आणि स्क्रू आपोआप फिरत राहतो. स्प्रिंग मूळचीच टाका, आणि डोक्यावर एक ठिपका मारून घ्या म्हणजे राऊंड मोजायला सोपं.

बसवताना हलक्या हातानं टेकेपर्यंत आत, आवळायचं नाही!, मग दीड राऊंड बाहेर, गाडी चांगली गरम करा आणि थोडं थोडं आत-बाहेर करून इंजिनचा आवाज सगळ्यात वर जातो ती जागा पकडा, मग आयडल स्क्रूनं आरपीएम खाली घ्या, परत एकदा तेच. तुमच्या गाडीला स्क्रू बाहेर म्हणजे हवा जास्त, मिश्रण लीन. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, गरम हवा विरळ असते, तेव्हा जरासा बाहेर आणि गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) थंडीत जरासा आत, हातानं फिरणाऱ्या डोक्याचा खरा फायदा इथंच आहे. पण टू-स्ट्रोक फार लीन ठेवू नका, आणि हा स्क्रू फक्त पाव थ्रॉटलपर्यंतच बोलतो, फुल थ्रॉटलला गाडी तापत असेल तर मेन जेट बघा.

प्रश्न : जुनी बुलेट आहे, स्क्रू कितीही फिरवला तरी आवाजात काडीचा फरक नाही. नवीन बनवू का?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नको, आत्ता नको. फरकच पडत नाही म्हणजे दोष बहुतेक स्क्रूत नाही. आयडल स्क्रूनं स्लाइड (कार्बोरेटरमध्ये वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा भाग) फार वर उचलून ठेवली असेल तर पायलटचं कामच उरत नाही, आधी ती खाली घ्या. मग पायलट जेट काढून उजेडाकडं धरून बघा, आरपार दिसायला पाहिजे, आणि तारेनं टोकरू नका, भोक मोठं होतं. इनटेकच्या जोडाला हवा चोरत असेल तरी असंच होतं. आणि पुढं मागं करायचाच झाला तर, तुमच्यावर जुना इंग्लिश कार्बोरेटर असेल तर आटे बीए (जुनं ब्रिटिश माप) असू शकतात. २ बीए हा ४.७ मिमी जाड, पिच ०.८१, आणि आपला एम ५ हा ५ मिमी, पिच ०.८, नुसत्या डोळ्याला जवळपास सारखेच, पण एकात दुसरा घातला की भोक गेलं.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल आल्यानंतर मधल्या थ्रॉटलला गाडी अडखळते, नीडलला (स्लाइडमधली, मधल्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारी सुई) एकच खाच आहे, क्लिप वर-खाली करता येत नाही.
– वाचक, होटगी रोड

उत्तर : १ किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास, म्हणजे त्याच जेटवर गाडी लीन होते, ई-२० वरचा तुमचा संशय बरोबर वाटतोय. क्लिपच्या खाली पितळेचा ०.५ मिमीचा छोटा वॉशर टाका, नीडल तेवढी वर येते आणि मध्ये पेट्रोल वाढतं. आतलं भोक नीडलला सैल पण क्लिप त्यातून निसटणार नाही असं, कडा घासून घ्या, बर (कापताना कडेला राहिलेला धातूचा कण) राहिला तर तो तुटून जेटमध्ये जातो. एका वेळी एकच वॉशर, मग प्लगचा रंग बघा, विटकरी-तपकिरी आला की थांबा, काळा पडला तर ०.३ चा करा. रबरी ओ-रिंग जुनी असेल तर ती पण बदला, इथेनॉलनं फुगते, व्हिटॉनची मिळाली तर तीच घ्या. आणि सगळं झाल्यावर पीयूसी काढताना आयडलचा सीओ आकडा विचारून वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी सेटिंग हललंय का ते त्यावरून कळेल.