दुकानांच्या रील्स एडिट करून पोट भरेल का?

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे, कराडजवळ राहतो. मुलगा एस. वाय. बी. कॉम.ला आहे. गावातल्या एका साडीच्या दुकानाच्या आणि एका मंगल कार्यालयाच्या रील्स तो मोबाइलवर एडिट करून देतो. एका रीलचे ५०० रुपये मिळतात. रात्र रात्र जागतो. आता म्हणतो, कॉलेज सोडतो, क्लासचे ८५ हजार भरा आणि लॅपटॉप हप्त्यावर घ्या. हे काम आहे की नुसता नाद? त्याच्या दोन रील्सही पाठवतो आहे. – एक पालक

उत्तर :

नमस्कार दादा,

नाद असता तर साडीवाल्याने दुसऱ्यांदा पैसे मोजले नसते. व्यापारी माणूस कौतुकापोटी पाचशेची नोट काढत नाही. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणल्या, आणि तेव्हापासून सराफ, बिल्डर, क्लासवाले, दातांचे डॉक्टर सगळ्यांनाच उभा व्हिडिओ हवा असतो. तेव्हा काम खरं आहे. त्याच्या तीन मागण्यांचं मात्र वेगळं बघू.

कॉलेज सोडू देऊ नका. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाचा, म्हणजे एडिटिंगचा, ३ वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तो पदवीनंतरचा. उद्या त्याला तिकडे जावंसं वाटलं आणि हातात पदवी नसली, तर दार बंद. शिवाय बी. कॉम.चा मुलगा हिशेब समजतो, आणि या धंद्यात बरीच मुलं हिशेबातच मार खातात.

८५ हजारांचा क्लास तर अजिबात नको. अशा बऱ्याच क्लासेसमध्ये सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात. ती यूट्यूबवर फुकट शिकता येतात, आणि डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते. त्यातून जायचंच असेल तर तिथे एकच विचारा : मुलाने केलेलं काम समोर लावून चुका कोण दाखवणार, आणि आठवड्यातून किती वेळा? उत्तरात ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे शब्द आले की चहा घेऊन परत या.

पुढचं मुलाला वाचायला द्या.

तुझी साडीच्या दुकानाची रील पाहिली. सुरुवातीला फिरणारा लोगो, मग रस्त्यावरून दुकानाची पाटी, मग काउंटर, आणि अकराव्या सेकंदाला ते काका पैठणीचा पदर झटकून उलगडतात. पदरावरचे मोर एकदम समोर येतात. अरे, तीच तर रील आहे! बघणाऱ्याचा अंगठा अकरा सेकंद थांबत नाही. पदर पहिल्या सेकंदाला घे, झटकल्याचा ‘फट्’ आवाज तसाच ठेव, लोगो शेवटी टाक. मालक म्हणेल, ‘आमचं नाव आधी पाहिजे.’ दोन्ही रील्स करून दे, एक या आठवड्यात टाकायला लाव, दुसरी पुढच्या, आणि इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्रामच्या आकडेवारीत, लोक कुठे सोडून गेले ते त्याला दाखव. वाद तिथेच मिटतो.

मंगल कार्यालयाच्या रीलमध्ये कट चांगले आहेत, तालावर पडतात. पण मॅनेजर जेवणाच्या हॉलबद्दल बोलतोय आणि वर गाणं वाजतंय. माणूस बोलायला लागला की संगीत खाली यायला हवं. अनेक जण आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून मराठी कॅप्शन, म्हणजे बोललेलं लिहून दाखवणारी ओळ, हवीच. ती स्क्रीनच्या अगदी तळाशी ठेवलीस, तर तिथे इन्स्टाग्राम अकाउंटचं नाव आणि मजकूर दाखवतं, तुझी अक्षरं झाकली जातात. थोडी वर घे. आणि ‘दिवाळी’ची वेलांटी ‘द’च्या आधी यायची ती नंतर पडली आहे, ‘लग्न’ तुटून ‘लग् न’ झालंय. पुढे प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर गेलास तर सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवड, नाहीतर तिथेही हेच होईल. फॉन्ट ‘मुक्ता’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) घे, दोन्ही मोफत आहेत. हल्ली कॅप्शन एआय काढून देतं, बोलण्यातल्या मोकळ्या जागाही कापून देतं. पण पदर पहिला की पाटी पहिली, हे ठरवायला अजून माणूस लागतो, आणि त्या ठरवण्याचेच पुढे पैसे मिळतील.

गाण्याचंही बघ. स्वतःच्या रीलला सिनेमाचं गाणं लावणं वेगळं आणि दुकानाच्या जाहिरातीला लावणं वेगळं. जाहिरातीला हक्काची परवानगी लागते, म्हणून तर बिझनेस अकाउंटला ती गाणी सहसा दिसतच नाहीत. इन्स्टाग्रामची कंपनी मेटा, तिच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत वापर. इन्फ्लुएन्सरला पैसे देऊन केलेली रील असेल तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे, अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा तो नियम २०२१ पासून आहे.

आता पैसे. ५०० रुपयांत शूटिंग निवडणं, कट, आवाज, कॅप्शन आणि वर मालकाच्या पाच-सहा दुरुस्त्या. दोन रात्री गेल्या तर हजेरीही सुटत नाही. सुट्या रीलचा भाव सोड, महिन्याचं ठरव : रील्स किती, प्रत्येकीला दुरुस्त्या फक्त २, तिसरीचे पैसे वेगळे, अर्धी रक्कम आगाऊ. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घे, तोंडी नको. ‘ओळखीतलंच आहे’ म्हणणाऱ्याकडून तर नक्कीच लिहून घे. जमाखर्चाची वही ठेव. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा त्याची धास्ती नको.

दादा, राहिला लॅपटॉप. मोबाइलवर मोठं काम अडतं, त्यामुळे घ्यावा लागेल, पण हप्त्यावरचा दीड लाखाचा नको. १६ जीबी रॅम, एसएसडी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला जुना चांगला मिळाला तरी पुरे, सोबत बॅकअपला एक हार्ड डिस्क. सहा महिन्यांच्या कमाईतून निम्मी रक्कम त्याने आणावी, निम्मी तुम्ही घाला. जागरणाचं कारणही त्याला विचारा. दुकानदार रात्री दहाला शूटिंग पाठवून सकाळी रील मागत असणार. ‘संध्याकाळी सहापर्यंत आलं तरच उद्या मिळेल’ एवढं सांगायला तो बिचकत असेल, तर पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसा. गर्दीच्या गाडीत सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणाऱ्यांना तुम्ही रोज शांतपणे हाताळता, ते त्याला जवळून बघू द्या.