कोकणात उताराच्या जागेवर घर बांधताना जमीन आधी सपाट करून घ्यावी का?

संपूर्ण जागा जेसीबीने सपाट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रत्नागिरीसारख्या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर कापून तीच माती खालच्या अंगाला टाकली, तर वरच्या उताराचा आधार जातो आणि नवा भराव पुढे कित्येक पावसाळे दबत राहतो, ज्यामुळे त्यावरच्या भिंतींना तिरके तडे जातात. त्याऐवजी घराची लांबी उताराला आडवी ठेवावी आणि जोते टप्प्याटप्प्याने उतरू द्यावे. ओटी आणि स्वयंपाकघर यांत पाच पायऱ्या ठेवल्या, तरी सुमारे अडीच फुटांचा उतार घरातच सामावतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. घराच्या वरच्या बाजूला चर खणून पाणी दोन्ही अंगांनी पऱ्ह्याकडे, म्हणजे ओहोळाकडे, वळवावे. माती अडवायला घातलेला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे सांधे सिमेंटने न भरलेली दगडी भिंत, सांध्यांतून पाणी झिरपू देतो, हे त्याचे मोठे बळ आहे. काँक्रीटची भिंत घालायचीच असेल, तर तिच्यामागे खडी भरून पाणी निघायला पाईप ठेवावेत, कारण अशा भिंती बहुधा मागे साठलेल्या पाण्याच्या दाबानेच कोसळतात. उतारावरचे जुने आंबे-फणस मात्र तोडू नयेत. त्यांची मुळे माती धरून ठेवतात.