वाचकांचे प्रश्न : बसचालकांचा पगार आणि तुटेपर्यंत ताणलेला वाद

प्रश्न : मी एका शहराच्या परिवहन उपक्रमात अकरा वर्षे बसचालक आहे. आमच्या वेतन कराराची मुदत संपून तीन वर्षे झाली, आणि आधीच्या करारातील महागाई भत्त्याच्या फरकाचे दोन हप्तेही अद्याप मिळालेले नाहीत. प्रशासनाकडे गेलो की ‘पालिकेचे अनुदान आले की देऊ’ असे सांगतात; पालिकेत गेलो की ‘उपक्रमाने आधी तोटा कमी करावा’ असे ऐकावे लागते. आमच्यातील तरुण मुले येत्या सोमवारपासून एकही गाडी आगाराबाहेर काढायची नाही असे म्हणत आहेत, तर निवृत्तीला आलेले सहकारी घाबरले आहेत. मी संघटनेच्या कार्यकारिणीवर आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : सोमवारी गाड्या बंद ठेवू नका. आपली मागणी मला रास्त वाटते, आणि ती पदरात पडावी म्हणूनच हे सर्वप्रथम सांगत आहे. सार्वजनिक वाहतुकीत संपापूर्वी किमान १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही अट होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. नोटीस न देता गाड्या थांबल्या, की वाद पगाराचा राहत नाही, तो संपाच्या बेकायदेशीरपणाचा होतो, आणि निलंबनाची पत्रे निघाल्यावर संघटनेची सगळी शक्ती निलंबित माणसांना परत कामावर घेण्यातच खर्ची पडते. शिवाय दहा किंवा अधिक कामगार योग्य नोटिशीविना आणि सबळ कारणाविना संगनमताने गैरहजर राहिले, तर गैरहजेरीच्या पगाराखेरीज आणखी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा मालकाला आहे. ज्यांच्या घरी महिनाअखेरीस किराण्याची उधारी चालते, त्यांना ही गोष्ट संपाच्या सभेतच स्पष्ट सांगितली पाहिजे. ती लपवून हात वर करायला लावणे हा सहकाऱ्यांवर अन्याय आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच मागणीपत्रात बांधल्या आहेत, त्या आजच सोडवा. महागाई भत्त्याचे दोन हप्ते हे झालेल्या कराराने आपल्याला देणे लागतात. त्यावर वाटाघाट करण्यासारखे काही उरलेलेच नाही. केलेला करार मालकाने न पाळणे ही १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार, म्हणजे कामगार संघांना मान्यता देणाऱ्या आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार, अनुचित प्रथा ठरते आणि तिची तक्रार औद्योगिक न्यायालयात करता येते. या तक्रारीला मुदतीचे बंधन असल्याने कामगार वकिलाला कागद दाखवण्यास उशीर करू नका. नव्या कराराची पगारवाढ ही मात्र मागणी आहे. ती बोलून, समेट घडवून किंवा लवादाकडून मिळवावी लागते. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की प्रशासन हमखास ‘थकबाकीचे दोन हप्ते लगेच देतो, बाकीचे पुढे पाहू’ असा तोडगा पुढे करते, आणि जे आपलेच होते तेच आपल्याला वाढ म्हणून मिळते.

त्यानंतर प्रत्येक चालकाची पगाराची स्लिप गोळा करा. माझ्याकडे सल्ल्याला येणारे चालक ती बहुधा लायसनच्या प्लास्टिकच्या पाकिटात चार घड्या घालून आणतात. घडीवरचे आकडे पुसट झालेले असतात. काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन चालक आले होते. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता हे रकाने भरलेले होते. खाली पतपेढीचा हप्ता, विम्याचा हप्ता, सणासाठी घेतलेली उचल असे सगळे वजा होऊन हाती येणारी रक्कम पाहिली तेव्हा मी ती दोनदा वाचली. जादा कामाच्या रकान्यात शून्य होते. मी विचारले, ‘तुमची गाडी पहाटे पाच वाजता सुटते, मग तुम्ही आगारात किती वाजता येता?’ ते म्हणाले, ‘साडेचारला. पाणी, हवा, ब्रेक, दिवे बघायला लागतात ना.’ तो रोजचा अर्धा तास आणि रात्री गाडी जमा करून हिशेब होईपर्यंतचा वेळ कोणत्याच कागदावर नव्हता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर दिला. दुप्पट दराचे हे तत्त्व नंतरच्या कायद्यांतही आहे. आपल्या कार्यकारिणीने शंभर चालकांच्या एका महिन्याच्या ड्युटीची वेळ आणि स्लिप समोरासमोर मांडली, तर वाटाघाटीच्या टेबलावर आपले म्हणणे कोणालाही उडवून लावता येणार नाही. घोषणांपेक्षा अशा तक्त्यांपुढे वित्त विभागाचे अधिकारी अधिक गांभीर्याने बसतात, असा माझा अनुभव आहे.

यापुढचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो आपल्या पत्रातच दडलेला आहे : पैसे देणार कोण? परिवहन उपक्रम आणि पालिका या दोघांमध्ये आपली चेंडूसारखी टोलवाटोलवी होते, याचे कारण तिकिटाचे दर, सवलती आणि मार्ग हे सगळे लोकप्रतिनिधी ठरवतात, पण पगाराची जबाबदारी मात्र उपक्रमाच्या माथी असते. एसटीच्या बाबतीत हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप पगारापासून निघाला आणि महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करा, या मागणीवर येऊन थांबला. कर्मचाऱ्यांच्या मनात साधा विचार होता : पगार शासनाच्या तिजोरीतून आला तर तो दर महिन्याला वेळेवर येईल. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुख्य सचिव आणि वित्त व परिवहन विभागांचे सचिव अशी त्रिसदस्यीय समिती नेमली गेली, तिने विलीनीकरण शक्य नसल्याचा निष्कर्ष काढला, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगून, रुजू होणाऱ्यांवर कठोर कारवाई करू नये असेही महामंडळाला बजावले. जवळजवळ सहा महिने घरात पगार नव्हता. त्या काळात काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. आजही ते आठवले की अस्वस्थ व्हायला होते. विलीनीकरण मागणाऱ्यांना वेड्यात काढणे मला कधीच पटले नाही, कारण त्यांनी रोगाचे निदान अचूक केले होते. एप्रिल २०२५ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांना मार्चचा केवळ ५६ टक्के पगार मिळाला, तेव्हा चर्चा पुन्हा तेथेच आली : ज्येष्ठांचा मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून महिलांना दिलेले अर्धे तिकीट, यांची भरपाई शासनाकडून कधी आणि किती येते यावर चालकाचा पगार अवलंबून राहतो.

म्हणून आपल्या मागणीपत्रात पगारवाढीइतकेच महत्त्व एका कलमाला द्या : पालिकेने सवलतींची भरपाई व अनुदान दर महिन्याच्या अमुक तारखेपर्यंत उपक्रमाच्या खात्यात जमा करावे आणि त्यातून पहिला खर्च पगाराचा व्हावा. आणि समेटाच्या बैठकीत पालिका आयुक्तांचा निर्णयाधिकार असलेला प्रतिनिधी बसलाच पाहिजे, असा आग्रह धरा. ज्याच्या हातात चावी नाही, त्याच्याशी कुलपाबद्दल किती बोलणार?

बोलणी फिसकटली तर कामगार आयुक्त कार्यालयातील समेट अधिकाऱ्याकडे प्रकरण जाते. समेटाची कार्यवाही सुरू असताना संप करता येत नाही, हे खरे; पण त्या काळात मालकालाही वादाशी निगडित सेवाशर्ती कामगारांच्या विरोधात बदलता येत नाहीत. हे संरक्षण मोलाचे आहे आणि तरुण सहकाऱ्यांना ते समजावून सांगा. कराराच्या स्वरूपाकडेही लक्ष द्या. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार संघटनेचे सदस्य नसलेल्या कामगारांनाही लागू होतो, केवळ दोन पक्षांनी आपसांत केलेला करार त्या दोन पक्षांपुरताच राहतो. जेथे एकाच आगारात तीन-चार संघटनांचे फलक लागलेले असतात, तेथे हा फरक फार मोठा ठरतो.

मध्यस्थाचा मार्गही विसरू नका. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत बेस्टचा संप ८ तारखेपासून नऊ दिवस चालला. तेथेही २००७ नंतर भरती झालेल्यांच्या वेतनश्रेणीचा आणि बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करण्याचा प्रश्न होता. उच्च न्यायालयात तोडगा निघाला तो असा : काही वेतनवाढी अंतरिम म्हणून ताबडतोब द्यायच्या आणि उरलेल्या मागण्या निवृत्त न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांच्या मध्यस्थीकडे सोपवायच्या. त्यातून सगळे मिळाले असे मी म्हणणार नाही. पण ‘आधी थोडे हातात, उरलेल्यासाठी त्रयस्थ माणूस आणि ठरलेली मुदत’ ही रचना संपाच्या नवव्या दिवशी जशी मान्य होते, तशी ती पहिल्या दिवसाच्या आधीही मागता येते, आणि आपण ती नोटिशीतच मागावी.

एक सावधगिरी आणखी. वाढ देताना प्रशासन सेवाकाळानुसार वेगवेगळ्या रकमा देऊ करील. नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीत दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे झालेल्यांच्या ४,००० आणि त्याहून जुन्यांच्या २,५०० रुपये वाढवण्यात आले. नवख्या चालकाचा पगार फारच तुटपुंजा होता, त्यामुळे हेतू समजण्यासारखा होता. परंतु वीस-पंचवीस वर्षे स्टिअरिंग धरलेला माणूस आपल्या हाताखाली शिकलेल्या मुलाच्या जवळपास येऊन ठेपला आणि ती बोच राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर पुन्हा संप झाला आणि दुसऱ्या दिवशी तो मिटला, तेव्हा मूळ वेतनातील वाढ सर्वांसाठी ६,५०० रुपयांवर आणून, म्हणजे आधी ५,००० मिळालेल्यांना १,५०० आणि २,५०० मिळालेल्यांना ४,००० जादा देऊन, ही विसंगती दूर करावी लागली. आपल्याकडे घाबरलेले ज्येष्ठ आणि चिडलेले तरुण असे दोन गट आधीच पडलेले आहेत. सही करण्यापूर्वी प्रत्येक सेवागटातील एका चालकाची स्लिप घेऊन वाढीनंतरचा पगार हाताने मांडून पाहा.

प्रश्न : आमच्या गावाला दिवसातून तीनच एसटी गाड्या येतात. माझी मुलगी त्यातल्या सकाळच्या गाडीने तालुक्याच्या शाळेत जाते. मागच्या मोठ्या संपात तिचे फार नुकसान झाले. चालकांचे हाल मला कळतात, पण आमचे हाल कोणी विचारायचे?

उत्तर : आपला राग योग्य आहे आणि तो चालकांनीही ऐकला पाहिजे. शहरात गाडी बंद पडली तर रिक्षा तरी मिळते. आपल्याकडे मुलीचा पास पाकिटात असतो आणि रस्ता रिकामा. मात्र ज्या चालकाच्या पगाराची खात्री नाही, तो नोकरी सोडून खासगी ट्रकवर जातो, त्याच्या जागी भरती होत नाही आणि मग संप नसतानाही सकाळची फेरी ‘चालक उपलब्ध नाही’ म्हणून रद्द होते. हे आपण बहुधा अनुभवले असेल. आपण दोन गोष्टी करू शकता. रद्द झालेल्या फेऱ्यांची तारीखवार वही ठेवा आणि ग्रामसभेच्या ठरावासह ती आगार व्यवस्थापक, विभाग नियंत्रक आणि आपले आमदार यांना द्या. ठरावात ‘सवलतींची भरपाई महामंडळाला वेळेवर द्यावी’ हे वाक्य आवर्जून घाला. दुसरे, संपाची नोटीस लागल्याचे कळताच शाळेच्या वेळेची फेरी चालू ठेवण्याची लेखी विनंती स्थानिक संघटनेकडे करा. माझ्या माहितीत एका आगारातील चालकांनी अशी विनंती मान्य करून दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत फेऱ्या चालवल्या होत्या. ओळखीच्या मुलीला स्टँडवर ताटकळत ठेवणे त्यांनाही जड जाते.

प्रश्न : गाडी शहर बससेवेच्या रंगाची, मार्ग त्यांचा, तिकीट त्यांचे, पण मी कंत्राटदाराचा चालक. पगार कायम चालकाच्या निम्माही नाही आणि दोन महिने थकला आहे. कंत्राटदार फोन उचलत नाही. दाद कोणाकडे मागू?

उत्तर : दोघांकडेही, आणि लेखी. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याने हे तत्त्व घालून दिले आहे की कंत्राटदाराने पगार दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याने कामाचे कंत्राट दिले त्याच्यावर, येते आणि त्याने ती रक्कम कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करायची. गाड्या भाडेतत्त्वावर घेतल्याने तुम्ही कंत्राटी कामगार ठरत नाही, असा युक्तिवाद समोरून होईल. त्यासाठी ड्युटी कोण लावते, मार्ग कोण बदलते, दंड कोण करते याचे पुरावे लागतील. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरील गाड्यांच्या चालकांनी काम थांबवले, तेव्हा पगार देणारा एक आणि काम सांगणारा दुसरा असल्याने बोलणी नेमकी कोणाशी करायची हाच पेच उभा राहिला होता. थकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्त कार्यालयात या आठवड्यातच अर्ज द्या. रोजच्या ड्युटीच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बँकेचे सहा महिन्यांचे खातेउतारे घ्या, भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापले असल्यास ते खात्यात भरले आहेत का ते तपासा, आणि अर्जावर शक्य असेल तर एकट्याऐवजी आगारातील सर्वांच्या सह्या घ्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.