तरुण संघाच्या नव्या सेक्रेटरीस

प्रिय मुला,
प्रभूमध्ये सलाम.

संघाचं काम हाती घेतलंस, आणि पहिल्याच पत्रात 'चर्चची मंडळी ओसरत चाललीय' म्हणून मोकळा झालास. ओसरली असेलही. किती आणि कुठे, ते आधी बघू.

सलग 13 रविवार डोकी मोज. दुसऱ्या गीतानंतर मोज. पहिल्या गीताला अर्धे लोक अजून गाडी लावत असतात. मोठी माणसं वेगळी, मुलं वेगळी. संडे स्कूलची मुलं उपासनेतही बसतात, ती दोनदा धरली जातात. नाताळ आणि ईस्टरचा आकडा लिहून ठेव, पण सरासरीत घेऊ नकोस.

मग मंडळीच्या सभासदांचा पट उघड. जे दिसत नाहीत त्यांच्या नावापुढे खूण कर: वारले, गाव सोडलं, दुसऱ्या फेलोशिपला जातात, घरीच असतात. समजा 240 नावांपैकी 90 दिसत नाहीत आणि त्यांतले 50 हडपसर-पिंपरीकडे आहेत. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या तशी तरणी पोरं पुण्याला निघाली, सगळ्याच समाजांतली. त्यांचा विश्वास उडाला असं कसं म्हणायचं? पण एक खरं. आपल्याकडे मंडळीचा दाखला, म्हणजे एका चर्चच्या पटावरून दुसऱ्याच्या पटावर जायचं पत्र, आठवतो तो लग्न ठरल्यावर. मधली पाच-सहा वर्षं पोरगं इथल्या पटावर नावापुरतं आणि तिथल्या पटावर नाहीच. माणूस गळतो तो याच काळात. म्हणून कोणी नोकरीला निघालं की महिन्याच्या आत दाखला काढून दे आणि तिथल्या पाळकांना फोन कर. पट छाटायला कमिटी कां-कूं करेल, कारण कमिटीच्या निवडणुकीतली मतंही त्याच पटावर असतात. तू नुसत्या खुणा कर, छाटाछाटीच्या भानगडीत पडू नकोस.

घरी असलेल्यांकडे दोघांनी मिळून जायचं, एका संध्याकाळी दोनच घरं, वीस-वीस मिनिटं. 'चर्चला का येत नाही?' हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. कोण आजारी, कुणाची परीक्षा, हे विचारायचं, एक छोटं स्तोत्र वाचायचं, प्रार्थना करून उठायचं. पहिल्या भेटीत वर्गणीचं पावतीपुस्तक नेलंत तर ते घर गेलंच म्हणून समज.

मे महिन्यातली व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, सकाळी 7 ते 10 एवढीच ठेवा, त्यानंतर आपल्या उन्हात पोरं टिकत नाहीत. शेवटच्या दिवशी 80 पोरं आणि जूनमध्ये संडे स्कूलला 15, हे बहुतेक ठिकाणी होतं, कारण पत्ते कोणी घेतलेले नसतात. सहा मुलांमागे एक शिक्षक, त्याच्या वहीत घरचा फोन, आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन शनिवारी घरी फेरी.

गायनाकडेही बघ. पेटीवाला स्वतःच्या गळ्याला सोयीचा सूर धरतो आणि अंतऱ्याला अख्खी मंडळी गप्प होते. आदल्या दिवशी गीतातली सगळ्यात वरची ओळ दोन बायका आणि दोन पुरुषांकडून गाऊन घ्या. चौघांना झेपेल तो सूर.

आता तू पाठवलेली 'जगात ख्रिस्ती घटतायत' ही बातमी. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या हिशोबाने 2010 ते 2020 मध्ये ख्रिस्ती लोक सुमारे 12 कोटींनी वाढून 230 कोटींच्या घरात गेले. जगाच्या लोकसंख्येतला वाटा मात्र 30.6 वरून 28.8 टक्क्यांवर आला. घट आणि वाढ दोन्ही खऱ्या. सहारापलीकडच्या आफ्रिकेत आता युरोपपेक्षा जास्त ख्रिस्ती राहतात. ज्या देशातून आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशन आलं, तिथे 2007 साली 78 टक्के लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, 2023-24 मध्ये 62 टक्के. त्यातही 2019 पासून उतार बराचसा थबकलाय. आपण तर 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात एक टक्क्याच्याही आत. थोडके असण्याची सवय आपल्याला जुनीच आहे, तिकडच्या टक्क्यांनी तुझी झोप का उडावी?

तेरा रविवार झाले की मोजणीचा आणि पटाचा असे दोन्ही कागद घेऊन आधी पाळकसाहेबांकडे जा. कमिटीत नंतर.

तुझा,
काका