वाघ घाबरला तो एका न कळलेल्या शब्दाला

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी सेमी इंग्लिशला आठवीत आहे. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला तोंडपाठ आहेत पण इंग्लिशच्या तासाला एखादी फोकटेल म्हणजे लोककथा आली की गाडी अडते. प्रत्येक अवघड शब्दाखाली रेघ मारते, मोबाइलवर अर्थ बघते, वहीत उतरवते आणि एवढं सगळं करून गोष्टीत झालं काय असं विचारलं तर गप्प. वर फिगर्स ऑफ स्पीच म्हणजे अलंकार पाठ करा म्हणून सांगितलंय, व्याख्या पाठ झाल्यात पण धड्यात ओळखता येत नाहीत. मला स्वतःला इंग्लिश जेमतेमच येतं. घरी काय करून घेऊ? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. तुमचं इंग्लिश जेमतेम आहे ते सध्या बाजूला ठेवा, या कामाला तुमच्यापेक्षा तिची आजी जास्त उपयोगी पडणार आहे.

आधी एक गोष्ट सांगते. पावसाळी रात्र, एका म्हातारीची झोपडी, छप्पर गळतंय. म्हातारी बिचारी सामान इकडून तिकडे ओढतेय आणि कुरकुरतेय की बाई बाई काय हा परपेच्युअल ड्रिपिंगचा वैताग. बाहेर भिंतीच्या आडोशाला पावसापासून लपलेला एक वाघ हे ऐकतोय. त्याला काही हा शब्द माहीत नाही, आतून धडाधड सामान ओढल्याचे आवाज येतायत, मग त्याला वाटतं परपेच्युअल ड्रिपिंग म्हणजे कोणीतरी भयंकर प्राणी असणार. तेवढ्यात दारू प्यायलेला एक कुंभार आपलं हरवलेलं गाढव शोधत येतो, अंधारात वाघालाच गाढव समजतो, चार रट्टे देतो, वर बसतो आणि घरी नेऊन खुंटाला बांधतो. वाघ गुमान जातो कारण त्याची खात्री पटलेली असते की हाच तो परपेच्युअल ड्रिपिंग! सकाळी गाव बघतं तर दारात वाघ, आणि कुंभार रातोरात शूरवीर.

ही गोष्ट १८६८ साली लंडनमध्ये छापलेल्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या पुस्तकात आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने ते लिहिलं, पण गोष्टी तिच्या नव्हेत, तिच्याकडे कामाला असलेल्या आयाने, ॲना लिबेराटा डिसूझा या बाईने सांगितलेल्या, आणि ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या. म्हणजे आपल्याकडच्या आजीची गोष्ट इंग्लिशमध्ये गेली आणि दीडशे वर्षांनी आपल्याच पोरांना अवघड वाटायला लागली, काय म्हणावं! याच पुस्तकात जीव पोपटात लपवून ठेवलेल्या जादूगाराचीही गोष्ट आहे, ती तर तुमच्या सासूबाई राक्षस घालून सांगत असतील.

आता गंमत बघा, तुमची लेक जे करतेय तेच त्या वाघाने केलं. एक शब्द कळला नाही आणि तो एकटाच पकडून बसला. त्याने जरा आजूबाजूला बघितलं असतं, पाऊस पडतोय, छप्पर गळतंय, म्हातारी भांडी सरकवतेय, तर शब्द आपोआप कळला असता. म्हणून तिला सांगा की पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घ्यायचीच नाही. गोष्ट शेवटपर्यंत वाचायची, कळेल तेवढी कळू दे, मग आजीला मराठीत सांगायची. जिथे सांगताना अडेल तिथलाच शब्द शोधायचा. वीस रेघांच्या जागी चारपाच उरतात, आणि ते शब्द लक्षात राहतात कारण त्यांच्यावाचून गोष्ट अडली होती.

अर्थसुद्धा घरातून काढा. तुमच्या भागात ड्रिप म्हटल्यावर कोणाला डिक्शनरी लागते? द्राक्षबागेत ड्रिप, दवाखान्यात ड्रिप, दोन्हीकडे थेंब थेंबच. म्हणजे ड्रिपिंग झालंच. राहिला परपेच्युअल, त्याचा अर्थ वहीत नुसता ‘सतत’ असा लिहू नका, त्यात संपता न संपण्याचा वैतागही आहे, म्हातारीचा त्रासलेला आवाज काढून एकदा म्हणायला लावा, बस.

फिगर्स ऑफ स्पीचचंही तेच. व्याख्या शेवटी. मराठीच्या तासाला तिने अलंकार शिकलेत की नाही? पर्सॉनिफिकेशन म्हणजे आपली चेतनगुणोक्ती, निर्जीवाला जिवंत करायचं, आणि या गोष्टीत ते काम लेखिकेने नाही तर खुद्द वाघाने केलंय, गळणाऱ्या पाण्याला त्याने प्राणी करून टाकलं. हायपरबोल म्हणजे अतिशयोक्ती, दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं, उरलेलं सांडलं तर वेशीपर्यंत ओघळ गेला आणि त्यात उंट पोहून गेला, हे ज्याला हसू आणतं त्याला हायपरबोल शिकवायची गरज नाही. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ मध्ये तर दोन सापडतील, पुन्हा पुन्हा येणारी ओळ म्हणजे रिपिटिशन आणि टुणूक हा आवाजावरून आलेला शब्द म्हणजे ऑनोमाटोपिया. (हा शब्द उच्चारतानाच पोरं घाबरतात, स्पेलिंग तर विचारूच नका.) या टुणूकला इंग्लिशमध्ये काय म्हणशील असं लेकीला विचारा आणि दोघी बसून ठरवा, एक संध्याकाळ मजेत जाईल.

आणि वाचक म्हणून आपल्याला सगळं माहीत असतं, वाघाला मात्र नसतं, म्हणून आपण हसतो. यालाच ड्रामॅटिक आयरनी म्हणतात. आठवीत विचारतील न विचारतील, पण ही कळली की गोष्ट कळली असं मी धरते.

फक्त एक जपा, मराठी आणि इंग्लिश अलंकारांच्या जोड्या डोळे मिटून लावायच्या नाहीत. आपल्याकडे उपमा वेगळी आणि ‘जणू’वाली उत्प्रेक्षा वेगळी, इंग्लिशच्या पेपरात ‘ॲज इफ’ आलं तरी बहुतेक वेळा सिमिलीच, म्हणजे उपमाच, लिहायचं असतं.

प्रश्न : मॅम, मी अकरावीत आहे. लाइक किंवा ॲज दिसलं की सिमिली लिहायचं हे बरोबर ना? तरी मार्क गेले. आणि ट्रान्सफर्ड एपिथेट काही केल्या डोक्यात शिरत नाही. – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : अरे बाबा, ‘आय लाइक मँगोज’ मध्येही लाइक आहे, तिथे सिमिली लिहिणारे मी स्वतः बघितलेत. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींची तुलना हवी. तो भावासारखा दिसतो यात दोन्हीकडे माणसंच, ती साधी तुलना. तो डोंगरासारखा उभा राहिला, इथे माणूस एकीकडे डोंगर एकीकडे, ही सिमिली. ‘सारखा’ काढून तो म्हणजे डोंगरच म्हटलंस की मेटाफर.

ट्रान्सफर्ड एपिथेटला एकच प्रश्न विचारायचा, हे विशेषण नक्की कोणाचं? ‘स्लीपलेस नाइट’ घे. झोप कोणाची उडाली, रात्रीची की माणसाची? माणसाची. पण विशेषण चिकटवलं रात्रीला. उत्तरात कारण लिहिताना हेच लिही, स्लीपलेस हा शब्द माणसाला लागू पण नाइटला जोडलाय. नुसतं नाव लिहून सोडलंस तर कारणाचे मार्क कुठून मिळतील?

प्रश्न : मंगूसचं अनेकवचन मंगीस का नाही, आमच्या वर्गात यावरून भांडण झालंय. – सातवीतल्या चौघी, पुणे

उत्तर : मंगूसेस लिहा गं. गूसचं गीस होतं म्हणून तुम्हाला तसं वाटलं, पण गूस हा पाण्यावर पोहणारा पक्षी, आणि मंगूस हा शब्द इंग्लिशने आपल्या मुंगसावरूनच उचललाय, तेव्हा त्या दोघांचं काही नातं नाही, भांडण मिटवा.