नवीन कॅमेरा घेतलाय, महाराष्ट्रात फोटो काढायला कुठे फिरू? आणि तुमच्या स्वतःच्या जवळचे फोटो कुठले?

तुम्ही लिहिलंय की नागपूरला राहता, कॅमेरा नुकताच घेतलाय आणि ठिकाणांची यादी हवी आहे. यादी कुठेही मिळेल हो, पण ती घेऊन निघालात तर निम्म्या ठिकाणी चुकीच्या महिन्यात पोचाल. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने ते पाणी हळूहळू आटत जातं, आणि मी मागे वळून बघतो तर मला आवडणारे माझे जवळजवळ सगळे फोटो या पाण्याच्या येण्याजाण्याचेच आहेत. म्हणून कुठेही निघायच्या आधी तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारा, पाणी आत्ता कुठवर आहे. लेन्सचं वगैरे नंतर बघू.

माझं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याजवळ, त्यामुळे माझं निम्मं शिक्षण तिथेच झालंय. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, नदीकाठची कित्येक गावं पाण्याखाली गेली, माणसं वर माळावर येऊन राहिली आणि गावांची नावं तीच ठेवली. दिवाळीच्या सुमाराला धरण भरलेलं असतं तेव्हा आलात तर नजर पोचेल तिथवर नुसतं पाणी, फोटोत धरायला काही सापडत नाही. जानेवारीनंतर पाणी उतरायला लागतं, काठाचा गाळ उघडा पडतो, जेमतेम पाय बुडतील एवढं पाणी उरतं आणि तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. त्यांना उथळ पाणीच लागतं, चोच उलटी बुडवून चिखलातलं बारीकसारीक गाळून खातात ना, खोल पाण्यात त्यांचं काही काम नाही. भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ इकडे मच्छीमारांच्याच होड्या मिळतात आणि होडीवाले पक्षी पुस्तकवाल्यांपेक्षा बरे ओळखतात असं माझं प्रामाणिक मत आहे. तिकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस असतात, नदीसुरय असतात, सकाळी सकाळी जाळी काढणारी माणसं असतात, चिलापीचे क्रेट भरत असतात. होडीवाल्याला आधीच सांगा की इंजिन लांब बंद कर आणि पुढे बांबूने ने, आणि पक्षी उडवू नकोस. उडणाऱ्या थव्याचा फोटो भारी दिसतो म्हणून बरेच जण मुद्दाम होडी थव्यात घालायला लावतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो, एवढ्या लांबून आलेला पक्षी पोट भरत असताना तुमच्या एका फ्रेमसाठी त्याला उठवायचं कशाला? गप्प बसून राहिलात तर तो स्वतःहून जवळ येतो, खरंच येतो.

पण उजनीचा माझ्या जवळचा फोटो पक्ष्यांचा नाही. धरण मायनसमध्ये गेलं की, म्हणजे उपयुक्त साठा संपून खालच्या मृतसाठ्याला हात लागला की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ बाहेर यायला लागतं. आधी नुसतं शिखर, मग दुष्काळाचं वर्ष असेल तर सगळं देऊळ, आजूबाजूचे वीरगळ, जुन्या घरांची जोती. अशाच एका उन्हाळ्यात मी तिथे गेलो होतो, बाहेरून आलेले लोक देवळासमोर सेल्फी काढत होते आणि एक आजोबा मात्र देवळाकडे पाठ करून चिखलात फिरत होते. मी विचारलं आबा काय हुडकताय, तर म्हणाले आमचा उंबरा. मग त्यांनी मला गल्ली दाखवली, इथं तालीम, इथं आमच्या चुलत्याचं घर, हे आमचं, आणि काठीने जमिनीवर भिंती आखत गेले. मी त्यांना विचारूनच फोटो काढला, ते उभे आहेत आणि पायाशी दगडांची एक ओळ आहे, एवढंच. तांत्रिक बाजूने साधा फोटो आहे, दुपारचं ऊन डोक्यावर, सावल्या काळ्या कुट्ट, कुठल्याही स्पर्धेत कुणी बघणार नाही. मी त्यांना मोठी प्रिंट करून नेऊन दिली तेव्हा त्यांच्या सुनेने ती देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावली, आणि पाणी परत चढलं की ती जागा पुन्हा दिसणार नाही हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माणसांचे फोटो काढलेत तर प्रिंट द्या, व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही.

आता पावसाळ्याचं. मे संपता संपता, पहिल्या वळवाच्या सरी झाल्या की अकोले तालुक्यात भंडारदरा, पुरुषवाडी या बाजूला काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा असली झाडं सगळीच्या सगळी लुकलुकतात. इंटरनेटवर जे अख्खं झाड सोन्याचं झालेले फोटो दिसतात ते एकाच क्लिकचे नसतात हे आधीच सांगून ठेवतो, ट्रायपॉडवर वीस-तीस सेकंदांचे बरेच एक्सपोजर घेऊन नंतर एकावर एक बसवलेले असतात. त्यात चूक काही नाही पण तसं लिहावं. आणि टॉर्च, मोबाईलची लाईट, गाडीचे हेडलाईट बंद म्हणजे बंद. तो उजेड म्हणजे नर मादीला बोलावतोय, त्यात आपण लाईट मारली की त्यांचं बोलणंच तुटतं, आणि त्यांचं आयुष्य उरलेलं असतं मोजक्या दिवसांचं. वीकेंडला तिथे गाड्यांची रांग लागते, तुम्ही मधल्या वारी जा.

कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून गर्दी प्रचंड वाढली, आता सीझनला ऑनलाईन बुकिंग करावं लागतं. सप्टेंबर बरा. सगळे सोनकी नाहीतर तेरड्याचा गालिचा मागे ठेवून स्वतःचे फोटो काढतात, तुम्ही पायवाटेच्या कडेला बसा आणि खाली बघा. जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर आहे, त्यात पाणी साचून राहतं आणि त्या ओलीत सीतेची आसवं उगवतात, निळी-जांभळी, नखाएवढी, आणि ही वनस्पती मातीखालच्या बारीक पिशव्यांनी किडे पकडून खाते कारण मातीत तिला पुरेसं काही मिळत नाही. फुलांत पाय टाकून एक फोटो निघतो आणि तिथली माती दबते ती दबतेच, म्हणून वाटेवरूनच काय मिळेल ते घ्या. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते तेव्हा मात्र सुट्टी टाकून जा.

वारीबद्दल थोडं. दिवे घाटातला वरून काढलेला फोटो सगळ्यांकडे आहे, तुम्हीही काढा, पण मग खाली उतरून चाला. मला नीरा नदीवर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात ती वेळ आवडते, कारण तेव्हा सगळी वारी पाण्याशी येते, बायका लुगडी धुतात, तिथेच दोघीजणी धरून वाळवतात, कुणी पायाचे फोड बघत बसलेलं असतं. पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, माउलींचा अश्व स्वाराशिवाय धावतो आणि तो गेला रे गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. घोड्यापेक्षा ती माती उचलणाऱ्या माणसांकडे कॅमेरा ठेवा. तिथे तुम्हाला कुणी अडवत नाही, उलट जेवलात का विचारतात, म्हणूनच आपण जपून वागायचं. तोंडासमोर वाईड लेन्स नेऊन काढलेले फोटो मला पटत नाहीत.

कोकणात मालवणकडे रापण बघा. पावसाळा सरला की जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन रांगा करून दोर ओढतात, म्हातारी माणसंसुद्धा हात लावतात आणि ओढणाऱ्याला वाटा मिळतो. यांत्रिक बोटी वाढल्यापासून रापणीला मासळी कमी लागते हे तिथले लोक स्वतः सांगतात, त्यामुळे हे फोटो आत्ताच काढून ठेवायला हवेत असं मला फार वाटतं. इथे सेटिंगचं काही अवघड नाही, फक्त आधी दोर ओढायला लागा, फोटो नंतर.

लोणार तुम्हाला पुण्यापेक्षा जवळ आहे. साधारण १.८ किलोमीटर रुंदीचं उल्केने पडलेलं विवर, कडेवरून एका फ्रेममध्ये बसवायला चांगली वाईड लेन्स लागते. जून २०२० मध्ये पाणी खाली जाऊन खारटपणा वाढला, खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव माजले आणि तळं गुलाबी झालं होतं, ते दरवर्षी होत नाही, म्हणून त्या आशेवर जाऊ नका. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ मात्र सकाळच्या तिरप्या उन्हात नक्की बघा, कोरीवकामाला तोच उजेड लागतो.

आणि खरं सांगायचं तर तुम्ही सुरुवात पश्चिमेकडे यायच्या ऐवजी पूर्वेला करा. भंडारा-गोंदियात जुने मालगुजारी तलाव आहेत, कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या बांधलेले आणि राखलेले, आणि त्या पाण्यावर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं. गोंदियात अजून सारस पक्षी आहेत, राज्यात दुसरीकडे जवळजवळ उरलेले नाहीत. ते घरटं धानाच्या बांधीतच करतात आणि कित्येक शेतकरी त्या जागचं धान सोडून देऊन ते सांभाळतात. पावसाळ्यात घरट्याच्या आसपासही फिरकू नका, अंडी सोडून जोडी उडाली तर कावळ्यांना तेवढंच पुरतं. धान कापून झालं की मग जा, नोव्हेंबरनंतर, जोडी पिल्लाला घेऊन कापलेल्या बांधीत चरताना दिसते, गाडीतून खाली न उतरता काच खाली करून फोटो काढा, गाडीला ते घाबरत नाहीत पण चालत्या माणसाला घाबरतात. ज्याची बांधी असेल त्याला आधी विचारा, चहा पाजतो आणि सारस सकाळी कुठल्या बाजूला होते तेही सांगतो. ३०० मिमीची लेन्स असेल तर पुरते, नसेल तर भाड्याने घ्या, आणि येताना नवेगावबांधला एक रात्र राहून सकाळचा तलाव करून या.